संकलन केंद्राचा डबा : तीन सिरियल लाइन, तीन वेगळे व्होल्टेज

९ जून

इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरचा डबा दुरुस्तीला घेतला. डबा म्हणजे आत ईएसपी३२ या ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि बाहेर तीन सिरियल वायरी. काट्याकडून वजन येतं, फॅट मशीनकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, आणि ओट्यावरच्या एलईडी डिस्प्लेला वजन, फॅट, रक्कम जाते. बनवणाऱ्याने सर्किटचा कागद ठेवलेला नाही. पण सोल्डरिंग स्वच्छ आहे, वायरींच्या रंगांना शिस्त आहे. माणूस कामाचा होता हे दिसतं.

तक्रारी केंद्राचे सचिव अण्णा यांच्या शब्दांत, फोनवर ऐकल्या तशा :

"काहींचं वजन येतंय, काहींचं येतच नाय. लोक म्हणत्यात अण्णा मुद्दाम करतो."

"कूलरचा कॉम्प्रेसर चालू झाला की बाहेरचा बोर्ड येड्यावानी आकडे दाखवतो."

"लाईट जाऊन आली की डबा उठत नाय. सगळ्या वायरी काढून परत लावल्या की उठतो."

तिसऱ्या तक्रारीतलं दुसरं वाक्य अधोरेखित करून ठेवलं. नुसता अ‍ॅडॉप्टर काढून लावला तर उपयोग होत नाही, बाकीच्या वायरी सोडाव्या लागतात. उपाय त्यांना सापडलेला आहे, कारण तेवढं शोधायचं आहे.

एक बंधन : काट्यावर वैधमापन खात्याचं सील आहे. तो उघडायचा नाही. त्याच्या मागच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर जे मिळेल तेवढ्यावरच काम.

११ जून, केंद्रावर

सकाळचं संकलन संपल्यावर सगळ्या वायरी सुट्या केल्या. काहीही जोडण्याआधी, कोणी काही पाठवत नसताना, प्रत्येक लाइन ग्राउंडच्या तुलनेत मोजली. सिरियल लाइन निवांत असताना किती व्होल्टवर बसते यावरूनच ती कुठल्या जातीची आहे ते कळतं. मशीनवरच्या स्टिकरवर काय छापलंय याला मी दुय्यम मानतो, आणि आज त्याचं कारणही मिळालं.

काटा : पिन ५ ग्राउंड. पिन २ वर उणे ५.९ व्होल्ट, पिन ३ वर शून्य. निवांत लाइन ऋण म्हणजे खरं आरएस-२३२, अधिक-उणे व्होल्टेजवर चालणारं जुनं सिरियल मानक. पिन २ वर काटा बोलतो आणि ३ वर ऐकतो, कारण ऐकणाऱ्या पिनला आतून सुमारे ५ किलोओहम ग्राउंडला असतात आणि ती शून्याला बसते. सरळ केबल की उलटी केबल हा वाद इथेच मिटतो. (काटा 'सतत पाठव' मोडमध्ये असेल तर मीटर सरासरी दाखवतो आणि आकडा नाचत राहतो. इथे वजन स्थिर झालं की एकदाच पाठवतो, त्यामुळे मोजणं सोपं.)

फॅट मशीन : मागे ठळक अक्षरांत 'आरएस-२३२', कनेक्टरही तसाच. पिन २ वर अधिक ४.९ व्होल्ट. म्हणजे आत मायक्रोकंट्रोलरची पिन थेट बाहेर काढली आहे. पाच व्होल्टचं साधं टीटीएल, शून्य आणि पाच एवढ्याच दोन पातळ्या. स्टिकरवर विश्वास ठेवून इथे मॅक्स२३२ (आरएस-२३२ आणि टीटीएल यांच्यात अदलाबदल करणारी चिप) लावली असती, तर तिने निवांत लाइनलाच '०' मानून सगळा डाटा उलटा वाचला असता. आरएस-२३२ मध्ये '१' ऋण असतो आणि '०' धन, टीटीएलमध्ये बरोबर उलट.

डिस्प्ले : ऐकण्याच्या वायरवर हाही अधिक ४.९. पण हे ४.९ आणि फॅट मशीनचे ४.९ सारखे नाहीत. १० किलोओहमचा रेझिस्टर लाइनपासून ग्राउंडला टेकवला. फॅट मशीनची लाइन जागची हलली नाही, म्हणजे मागे कोणीतरी ती धरून ठेवली आहे. डिस्प्लेची लाइन निम्म्यावर, २.४५ वर आली, म्हणजे आत फक्त १० किलोओहमचा पुल-अप (लाइन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) आहे. मीटरचा आकडा सारखा, मागची ताकद वेगळी. हा फरक पुढे लागणार असं वाटतंय.

डब्यात काय सापडलं : काट्यासाठी मॅक्स२३२, पण ३.३ व्होल्टवर चालवलेली. फॅट मशीनसाठी १.८ आणि ३.३ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागून कमी करणारी रेझिस्टरची जोडी). डिस्प्लेला ईएसपी३२ ची पिन थेट.

१२ जून

वजनाचा प्रश्न व्होल्टेजचा निघाला नाही, पण दिसायला अगदी तसाच होता.

अण्णांनी वहीचे फोटो पाठवले : कोणती वजनं आपोआप आली आणि कोणती हाताने लिहावी लागली. ६.५०, ९.३०, ५.६० नीट आली. ७.२०, १२.४०, ८.१० गेली. दूध घालणारे बदलले तरी फरक नाही, आकडे बदलले की फरक. ०, ३, ५, ६, ९ हे अंक येतात आणि १, २, ४, ७, ८ हरवतात.

पातळी चुकली असती तर अंकांची अशी निवड झाली नसती. अ‍ॅस्कीमध्ये '०' चा कोड ३० हेक्स, त्यात दोन बिट '१'. '३', '५', '६', '९' यांच्यात चार. '१', '२', '४', '८' यांच्यात तीन आणि '७' मध्ये पाच. सम आणि विषम सरळ वेगळे झाले. काटा सात डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीने ('१' ची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला तपासणीचा बिट) पाठवतोय, डबा आठ बिट आणि पॅरिटी नाही असं वाचतोय. विषमवाल्यांचा आठवा बिट '१' होतो, '१' चा ३१ हेक्स न राहता बी१ हेक्स होतो, आणि डब्यातला प्रोग्रॅम अ‍ॅस्कीबाहेरचं अक्षर गुपचूप टाकून देतो. १२.४० चं उरतं '.०'.

विचारल्यावर कळलं की मध्यंतरी काटा वार्षिक पडताळणीला नेला होता आणि तेव्हापासून हे सुरू झालं. सेटिंग मूळ पदावर गेलं असणार. प्रोग्रॅममध्ये सात बिट, इव्हन पॅरिटी केलं. संध्याकाळच्या संकलनात सगळी वजनं आली.

अण्णांना पॅरिटी समजावली नाही. "काटा बरोबर आहे, डबा अर्धवट ऐकत होता" एवढं सांगितलं. गावात सांगायला त्यांना तेवढं पुरेल.

१४ जून

मॅक्स२३२ बघितली. आधीच्या माणसाने ती ३.३ वर का चालवली ते समजतं. ५ व्होल्टवर चालवली तर तिचं टीटीएल बाजूचं आउटपुट ५ व्होल्टचं येतं आणि ईएसपी३२ च्या पिनला ते झेपणारं नाही. पण ही चिप ४.५ ते ५.५ व्होल्टसाठी बनलेली आहे. तिच्या आत चार कपॅसिटर वापरून ५ चे दुप्पट करणारा आणि मग त्याचं ऋण करणारा चार्ज पंप आहे. १९८७ साली मॅक्झिमने ही चिप आणली, त्याआधी एका आरएस-२३२ पोर्टसाठी अधिक १२ आणि उणे १२ असे दोन वेगळे पुरवठे लागायचे. त्या काळातल्या बोर्डांवरचे वजनदार ट्रान्सफॉर्मर ज्यांनी उचललेत त्यांना या चिपचं मोल विचारा.

३.३ वर ती ऐकते ठीक, कारण रिसीव्हरला चार्ज पंपाची गरज नाही. बोलताना लंगडते. सुटं मोजलं तर आउटपुट ४.६ च्या आसपास दोन्ही दिशांना, काटा जोडला की ३.४. आरएस-२३२ मध्ये पाठवणाऱ्याने किमान ५ व्होल्ट द्यायचे आणि ऐकणाऱ्याने ३ च्या पलीकडचं सगळं मान्य करायचं. मधले दोन व्होल्ट हे वाटेतल्या केबलसाठी आणि गोंगाटासाठी राखलेले आहेत. इथे ०.४ उरतात. डब्यावरून काट्याला टेअर (रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून शून्य) करायची सोय आहे, ती "कधी चालते कधी नाही" असं अण्णा ओघात म्हणाले होते. तक्रारीत धरलंच नव्हतं त्यांनी.

मॅक्स३२३२ त्याच पिनांवर बसते, ३ ते ५.५ व्होल्टवर चालते. बोर्डवरचे १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर तसेच ठेवले, तिला ०.१ ही पुरतात. काटा जोडून अधिक ५.४ आणि उणे ५.३. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या तीन चिपांपैकी एक टेबलावर लावताच चटका बसेल एवढी तापली. ती कचऱ्यात. स्वस्तातल्या या चिपांमध्ये नकली माल भरपूर फिरतो, म्हणून बोर्डवर चढवण्याआधी वेगळ्या सॉकेटवर पाच मिनिटं चालवून बोट लावून बघायचं.

काढलेली जुनी मॅक्स२३२ चांगली आहे. डबीत ठेवली.

१७ जून

डिस्प्ले. त्याच्या पीसीबीवर दारात ७४एचसी१२५ ही बफर चिप आहे, ५ व्होल्टवर. एचसी जातीच्या चिपला 'हाय' म्हणून खात्रीने ओळखायला पुरवठ्याच्या ७० टक्के लागतात, म्हणजे ३.५ व्होल्ट. ईएसपी३२ देऊ शकतो ३.३. कागदावर हे जमतच नाही. प्रत्यक्षात एचसीचा उंबरठा साधारण अडीचला असतो म्हणून टेबलावर बिनबोभाट चालतं, आणि म्हणूनच हे असे डबे विकले जातात. केंद्रावर १२ मीटर केबल आहे, ती कॉम्प्रेसरच्या वायरीला चिकटून एकाच पट्टीतून गेली आहे. उरलेली पाऊण व्होल्टची गुंजाइश कॉम्प्रेसरच्या पहिल्या झटक्याला संपते.

सरळ उपाय ७४एचसीटी१२५. पिना त्याच, आणि 'हाय' साठी २ व्होल्ट पुरतात. ३.३ वरून ५ वर जायचं असेल तर एचसीटी हे माझं नेहमीचं उत्तर असतं. पण १२ मीटरच्या केबलवर तिची दुसरी बाजू टोचते : 'लो' ०.८ च्या आतच राहिला पाहिजे. एचसीला तिथे दीड व्होल्टपर्यंत चालत होतं. एका बाजूची गुंजाइश काढून दुसरीला दिल्यासारखं.

मग लक्षात आलं की मॅक्स३२३२ मध्ये दोन ड्रायव्हर असतात आणि काट्याने एकच वापरला आहे. दुसरा मोकळा. तो डिस्प्लेला जोडला, आणि डिस्प्लेमध्ये ५ व्होल्टचा पुरवठा आहेच, तर डबीतली जुनी मॅक्स२३२ तिथे रिसीव्हर म्हणून बसवली. जिथे ती चुकीच्या व्होल्टेजवर होती तिथून निघून बरोबर व्होल्टेजवर गेली. आता केबलवर अधिक-उणे ५ चा झोका आहे. आरएस-२३२ च्या जुन्या सी आवृत्तीत केबलची मर्यादा ५० फूट म्हणजे १५ मीटर सांगितली होती, आपण आत आहोत.

यात आणखी एक फायदा, जो एचसीटीने दिला नसता. केबल निघाली किंवा डबा बंद पडला तर मॅक्स२३२ चे आतले ५ किलोओहम इनपुट शून्यावर धरतात आणि शून्याला ती 'निवांत' असंच वाचते. डिस्प्लेवर कचरा येत नाही. त्यामुळे जुना १० किलोओहमचा पुल-अपही काढून टाकता आला.

टेबलाजवळ ड्रिल मशीन सुरू-बंद करत ठेवलं, एकही अक्षर बिघडलं नाही. केंद्रावर केबलही वेगळ्या वाटेने न्यायला अण्णांना सांगायचं.

१९ जून

न उठणारा डबा.

टेबलावर ही तक्रार येईना. सगळं एका स्पाइक बस्टरवर होतं. बटण बंद केलं की सगळंच मरतं आणि चालू केलं की सगळंच उठतं. मग केंद्रावर कोण कुठल्या प्लगवर आहे ते अण्णांना विचारलं. फॅट मशीन आणि डिस्प्ले इन्व्हर्टरवर. काट्याच्या आत स्वतःची बॅटरी. डबा साध्या प्लगवर. लाईट गेली की डबा एकटा झोपतो, बाकी तिघे जागे.

तसंच मांडलं. फॅट मशीनच्या जागी बेंच सप्लायवरून ५ व्होल्ट कायम, डबा वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर. तुलनेसाठी डिस्प्लेची जुनी जोडणीही तात्पुरती परत केली. डब्याचा अ‍ॅडॉप्टर काढला आणि ३.३ च्या रेलवर (बोर्डच्या पुरवठ्याच्या लाइनवर) मीटर लावला. शून्य यायला हवं होतं. मीटर १.२४ वर येऊन थांबला, आणि थांबलेलाच राहिला.

अ‍ॅडॉप्टर परत लावला. डबा उठला नाही. बोर्डवरचं रिसेटचं बटण दाबलं, उठला. परत काढून लावला. या वेळी उठला. पुन्हा केलं, नाही उठला. वायरी सोडून केलं की दर वेळी उठतो. हेच अण्णा सांगत होते.

२० जून

करंटची वाट अशी आहे. फॅट मशीन निवांत असताना तिची लाइन ५ व्होल्टवर असते. डिव्हायडर ते ३.२ करतो. ईएसपी३२ च्या प्रत्येक पिनला आत एक संरक्षक डायोड असतो, पिनपासून पुरवठ्याच्या रेलकडे. रेल ३.३ ला असताना पिनवरचे ३.२ त्या डायोडला उघडू शकत नाहीत, सगळं शांत. रेल मेली की तोच डायोड उघडतो, आणि फॅट मशीन डेटाच्या वायरमधून अख्ख्या बोर्डला पोसायला लागते. डिव्हायडरनंतर पिनकडे जाणाऱ्या वाटेत मीटर घातला : एक मिलिअँपियरच्या जरा वर. पिनवर १.९, रेलवर १.२४, मध्ये एक डायोड. हिशोब जुळतो. डिस्प्लेचा पुल-अपही त्याच्या पिनमधून थोडी भर घालत होता. फॅट मशीनची वायर सोडून फक्त डिस्प्ले जोडला तरी रेलवर ०.४ राहतात.

१.२४ व्होल्टवर ईएसपी३२ चालत नाही, पण पूर्ण मरतही नाही. तिची एनेबल पिन १० किलोओहममधून त्याच रेलला बांधलेली आहे. चिपला 'बंद' समजायला ही पिन ०.६ व्होल्टच्या खाली जावी लागते, आणि इथे ती १.२ वर लटकलेली. मग लाईट येते, रेल १.२ वरून ३.३ ला चढते, आणि चिपच्या दृष्टीने रिसेट नावाची गोष्ट घडलेलीच नसते. आत काय उरलंय त्यावर ती उठेल किंवा न उठेल.

डिव्हायडरच्या गणितात काही चूक नाही. ५ ला ३.३ भागिले ५.१, उत्तर ३.२३. कोणीही तपासलं तरी बरोबरच येईल. फक्त डाटाशीटमध्ये पिनची मर्यादा '३.३ व्होल्ट' अशी लिहिलेली नसते, 'पुरवठ्यापेक्षा ०.३ जास्त' अशी लिहिलेली असते. पुरवठा शून्य असेल तेव्हा पिनला चालणारं व्होल्टेज ०.३ आहे. ३.२३ हा आकडा डबा चालू असतानाच बरोबर आहे. दोन यंत्रं वेगवेगळ्या पुरवठ्यावर असतील तर पातळी बदलणारं सर्किट चार अवस्थांत तपासावं लागतं : दोन्ही चालू, दोन्ही बंद, फक्त हे चालू, फक्त ते चालू. इंटरनेटवर डिव्हायडरची जेवढी चित्रं फिरतात त्यात पहिलीच अवस्था काढलेली असते.

काट्याच्या बाजूने हा त्रास का नाही हेही बघितलं. काटा जागा असतो, पण त्याचे उणे ५.९ मॅक्स३२३२ च्या ५ किलोओहममध्ये जिरतात, पुढे रेलपर्यंत रस्ताच नाही. आरएस-२३२ जुनं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं : १९६० साली जे मानक आलं, त्यात एका टोकाला टेलिटाइप आणि दुसऱ्या टोकाला मोडेम, दोघांचे पुरवठे वेगळे, हेच गृहीत होतं.

अण्णांचा फोन : डबाही इन्व्हर्टरवर लावला तर? तात्पुरतं लावा म्हटलं. पण रात्री कोणीतरी फक्त डब्याचं बटण बंद करणार, आणि सकाळी पाच वाजता मला फोन येणार.

२३ जून

डिव्हायडरच्या जागी काय बसवायचं त्याच्या चाचण्या.

रिसेट सुपरवायझर चिप लावून एनेबल पिन नीट खाली ओढता येईल. डबा उठेल. पण डायोडमधून करंट वाहतच राहणार. लक्षण जाईल, रोग राहील. बाजूला ठेवलं.

ऑप्टोकपलर (वायरीऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारी चिप), पीसी८१७. ओळखीच्या एकाने हाच सुचवला, पाच रुपयांत दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या. मोहात पडण्यासारखं आहे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. डाटाशीटमध्ये पीसी८१७ चा वेळ ३-४ मायक्रोसेकंद दिलाय, वाटतं भरपूर झालं. पण तो १०० ओहमच्या लोडवरचा आकडा आहे. १० किलोओहमच्या पुल-अपवर स्कोप लावला तर खाली जाणारी कड उभी आणि वर येणारी कड घसरगुंडीसारखी, साठ मायक्रोसेकंदांच्या वर. अर्धा बिट त्यातच गेला. यूआर्ट (चिपमधला सिरियल डाटा वाचणारा भाग) बिटच्या मध्यावर वाचतो, तिथे अजून निर्णय झालेला नसतो. अक्षरं येतात, पण दर थोड्या वेळाने एखादं बदललेलं. पुल-अप १ किलोओहमचा केला तर कड वीसवर येते आणि सगळं सुधारतं. पण एलईडी पेटवायला फॅट मशीनच्या पिनकडून तीन-चार मिलिअँपियर काढावे लागतात, आणि तिच्या आत काय चिप आहे ते आपल्याला माहीत नाही. या मशीनसाठी नको. जिथे ग्राउंड खरोखर वेगळे ठेवायचे आहेत तिथे हाच मार्ग, पण ६एन१३७ सारखा वेगवान घेऊन.

बीएसएस१३८ मॉस्फेटचा (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) चार वाटांचा छोटा बोर्ड. फिलिप्सने आयस्क्वेअरसी या दोन वायरींच्या जोडणीसाठी सुचवलेलं सर्किट : गेट ३.३ च्या रेलला, सोर्स आपल्या बाजूला, ड्रेन ५ व्होल्टच्या बाजूला, दोन्हीकडे १० किलोओहमचे पुल-अप. दोन्ही दिशांनी चालतो. आपल्याला एकच दिशा हवी आहे, पण मला त्याचा वेगळाच गुण हवाय. डब्याची रेल मेली की गेटही शून्यावर जातो, मॉस्फेट बंद होतो, आणि त्याचा आतला डायोड सोर्सकडून ड्रेनकडे असल्यामुळे पलीकडचे ५ व्होल्ट अलीकडे येऊ शकत नाहीत. जोडून मोजलं. डबा बंद, फॅट मशीन चालू, रेल ०.०२. अ‍ॅडॉप्टर काढून लावला, उठला. लगेच काढून लावला, हळू काढून लावला, पिन हलवत लावला. उठतोय.

याची मर्यादाही लिहून ठेवतो. वर येणारी कड फक्त पुल-अप ओढतो. केबल मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ८ मीटरवर ८०० पिकोफॅरड, १० किलोओहमबरोबर ८ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, आणि ९० टक्क्यांवर जायला सतरा-अठरा. ९६०० ला याने काही बिघडत नाही. १,१५,२०० ला एक बिटच ८.७ मायक्रोसेकंदांचा, तिथे हा बोर्ड लांब केबलवर लावणाऱ्याला शुभेच्छा. आपली केबल दीड मीटर.

७४एलव्हीसी१जी१७ हा बफरही चांगला पर्याय आहे. इनपुटला ५ व्होल्ट चालतात आणि पुरवठा गेला तरी पिनमधून करंट आत घेत नाही. पुढच्या पीसीबीवर तोच टाकेन. आज हाताशी नव्हता.

२६ जून, केंद्रावर

बसवायला गेलो आणि जोडण्याआधी डब्याच्या आणि फॅट मशीनच्या ग्राउंडमध्ये मीटर लावला. एसीवर ८० च्या वर. दोघांचे अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचे, अर्थिंग नाही, आतला गाळणीचा कपॅसिटर ग्राउंडला अधांतरी लटकवतो. १० किलोओहम मध्ये टेकवताच दीड व्होल्टवर आलं. करंट अगदी क्षुल्लक, माणसाला फारतर मुंग्या येतील. पण केबल लावताना जी पिन आधी टेकते त्या पिनमधून तो पहिला झटका जातो. नऊ पिनांच्या कनेक्टरचं धातूचं कवच आधी टेकावं अशीच त्याची रचना आहे, मात्र या केबलला प्लॅस्टिकचं टोपण आहे आणि कवच कशालाच जोडलेलं नाही. कवच पिन ५ ला जोडलं.

झटक्यासाठी लाइनमध्ये एक रेझिस्टर असावा म्हणून १ किलोओहम हातात घेतला होता, तो परत ठेवला. फॅट मशीन लाइन खाली ओढते तेव्हा दोन्ही पुल-अपचा मिळून सुमारे ०.७ मिलिअँपियर त्यातून जातो, म्हणजे डब्याकडे 'लो' ०.७ व्होल्टच्या आसपास थांबेल. ईएसपी३२ 'लो' मानते ०.८२५ पर्यंत, गुंजाइश फारच थोडी. २२० ओहम टाकला, 'लो' ०.१९ वर.

अण्णांनी स्वतः मेन स्विच पाडला, वर केला, पाडला, वर केला. डबा दर वेळी उठला. मग त्यांनी चहा मागवला.

डिस्प्लेची केबल कॉम्प्रेसरच्या पट्टीतून काढून खिडकीवरून नेली. त्यासाठी शिडी आणायला गेलेला पोरगा अर्ध्या तासाने आला.

४ जुलै

आठवडाभरात इकडे लाईट बऱ्याचदा गेली. डबा उठतोय, वजनं येतायत, डिस्प्लेबद्दल तक्रार नाही. टेअर पहिल्या दाबाला होतो.

शेजारच्या गावात त्याच माणसाने बनवलेला दुसरा डबा आहे, तोही आता येणार. तिथला डिस्प्ले अंगणापलीकडे ४० मीटरवर आहे. तिथे आरएस-२३२ चा हट्ट नको, आरएस-४८५ (लांब केबलसाठीचं सिरियल मानक) लावायचं, दोन्ही टोकांना १२० ओहम. ७४एलव्हीसी१जी१७ दहा नग मागवायचे. काट्याच्या कनेक्टरचा फोटो मागवला, त्यात पिन ९ वरही वायर दिसतेय. काही यंत्रं तिथे ५ व्होल्ट देतात. मोजल्याशिवाय केबल बनवायची नाही.